आलेख जुळला, उंदीर राहिले

चि. मुक्ता,



डेंगीच्या साप्ताहिक आकड्यांवर तू बसवलेला आलेख घरच्या ग्रुपवर आला आणि आजीपासून सगळ्यांनी त्यावर फुलं उधळली. खाली तू लिहिलं होतंस, ‘९७ टक्के जुळतंय!’ जिल्हा हिवताप कार्यालयात उमेदीची वर्षं घालवलेल्या मामाला आनंद झालाच. भाचरांपैकी कुणीतरी डासांच्या वाटेला गेलं. पण आनंदाच्या जोडीला थोडी धास्तीही वाटली, ती त्या उद्गारचिन्हाची. हे पत्र त्याच्यासाठी आहे. डासांचं नंतर पाहू, आधी उंदीर.

तुझ्या विषयाची, म्हणजे साथींच्या गणिताची, गंगोत्री मानला जाणारा निबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लेखक दोघे, विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक. मॅकेन्ड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा प्रमुख राहिलेला. १९२० मध्ये तो स्कॉटलंडला परतला आणि एडिंबरातल्या एका प्रयोगशाळेचा कारभार पाहू लागला. तिथे त्याला केरमॅक भेटला. केरमॅक मुळात रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोग करताना स्फोट झाला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याचे दोन्ही डोळे गेले. पुढचं गणित तो मनात करत असे आणि वाचून दाखवायला सहकारी असत. साथींच्या गणितातला सगळ्यात प्रसिद्ध आलेख ज्याच्या नावावर आहे, त्याने तो स्वतः कधी पाहिला नाही.

आणि तो आलेख आपल्या मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं मेली, त्याचे ते ठिपके. डिसेंबरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मृत्यू, एप्रिलच्या सुमारास आठवड्याला नऊशेच्या घरात, आणि पावसाळा येईतो पुन्हा जमिनीला टेकलेले. त्यांच्या सूत्राप्रमाणे शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचं. सूत्राची घंटेच्या आकाराची रेघ त्या ठिपक्यांमधून इतकी सफाईने जाते की पाहणाऱ्याने मान डोलवावी. जगभरच्या पुस्तकांतून ती रेघ छापली गेली. अजूनही छापली जाते.

त्या रेघेमागचा विचार तुला ठाऊक आहे. लोकसंख्येचे तीन कप्पे करायचे. ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालेला आहे ते, आणि बरे झालेले किंवा मेलेले, म्हणजे खेळातून बाहेर पडलेले. पहिल्या कप्प्यातली माणसं दुसऱ्यात किती वेगाने जातात आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात किती वेगाने, एवढी दोनच गतिमानं. एवढ्यातून केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी फार मोठी गोष्ट सिद्ध केली. साथ संपते ती रोग होण्याजोगी सगळी माणसं संपली म्हणून नव्हे, किंवा जंतूचा जोर ओसरला म्हणूनही नव्हे. रोग होण्याजोग्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की प्रत्येक रोगी सरासरी एकापेक्षा कमी माणसांना रोग देतो आणि साथ मागे फिरते. कितीतरी माणसं शेवटपर्यंत अस्पर्श राहतात. हा सिद्धांत आजही खणखणीत आहे.

फक्त मुंबईच्या प्लेगला तो लागू पडतो का, हा वेगळा प्रश्न.

वहीत मांडून पाहा. मुंबईची वस्ती तेव्हा जवळपास दहा लाख. त्या लाटेत सूत्राप्रमाणे मेले साधारण नऊ हजार. नोंदलेल्या रोग्यांपैकी ८० ते ९० टक्के मरत, म्हणजे रोगी दहा-अकरा हजार. शहराचा एक टक्का. आता तीन कप्प्यांच्या मॉडेलला विचार, की फक्त एक टक्का लोकांना लागून साथ आपोआप विझायची असेल तर एक रोगी सरासरी किती जणांना रोग देत असला पाहिजे? उत्तर येतं, १.००५. इतक्या काठावरच्या आकड्याने साथ दुप्पट व्हायलाच वर्षं लागतील. इथे तर ती चार महिन्यांत बोटावर मोजण्याइतक्या मृत्यूंपासून नऊशेवर गेली. शिवाय १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोंयकार डॉक्टरांनी पहिला रोगी ओळखला, तेव्हापासून प्लेग मुंबईत वर्षानुवर्षं येत होता, आणि येत होता तो साधारण त्याच महिन्यांत. रोग होण्याजोगी माणसं उंबरठ्याखाली गेल्यामुळे साथ थांबत असेल, तर पुढच्या जानेवारीत तीच साथ पुन्हा कशी उभी राहते?

कारण रेघेत नसलेले दोन प्राणी. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू.

प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेल्या आयोगाने १९०५ पासून मुंबईत जे काम केलं, ते या विषयात पडलेल्या प्रत्येकाने वाचावं. त्यातला एक प्रयोग तर साधेपणाने थक्क करणारा. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवायचे. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला प्लेग होई. तसाच पिंजरा दोन फूट उंच टांगला की आतला प्राणी वाचे, कारण तेवढी उडी पिसूला झेपत नाही. हवा दोघांचीही तीच होती. आयोगाला क्रमही सापडला. आधी गटारातले उंदीर मरत, काही दिवसांनी घरातले काळे उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. गावोगावच्या लोकांना हा क्रम आयोगाची वाट न पाहता कळलेला होता. ‘उंदीर पडायला लागले’ असं कानावर आलं की माणसं घराला कुलूप घालून माळावर झोपड्यांत राहायला जात. धोक्याची आगाऊ सूचना देणारा निर्देशांक म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी कुणाला समीकरण सोडवावं लागलं नव्हतं. ऊन तापलं की पिसवांचा जोर कमी होई आणि साथ बसे. आलेखाची उतरती बाजू अशी ऋतूने काढलेली होती.

फ्रेंच गणिती निकोला बाकाएर याने २०१२ साली हे प्रकरण पुन्हा उघडून, उंदीर, पिसवा आणि ऋतू हे तिन्ही धरून गणित केलं आणि जुन्या आलेखाची जुळणी कशी फसवी होती ते दाखवलं. चढता आणि उतरता उंचवटा असलेले ठिपके कुठलेही घे, दोन-तीन आकडे मोकळे ठेवले तर घंटेच्या आकाराची रेघ त्यांवर बसतेच. रेघ बसली यावरून ठिपक्यांना उंचवटा आहे एवढं कळतं. तो कशाने आला, हे त्यातून कळत नाही.

आता त्या दोघांबद्दल न्यायाचं बोलायचं तर हे त्यांनी लपवलेलं नाही. आलेखाशेजारीच त्यांनी आपली गृहीतकं मोजून पाच लिहिली आहेत. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे असं आपण मानतो, सगळ्या उंदरांना रोग होण्याची शक्यता सारखी धरतो, संसर्गाचे आणि मृत्यूचे दर साथभर स्थिर धरतो, पिसवा भरपूर आहेत असं धरतो, आणि यातलं एकही गृहीतक काटेकोर खरं नाही, तेव्हा सूत्र फार ढोबळ समजावं, असा त्याचा आशय. पुस्तकांनी रेघ उचलली आणि हा परिच्छेद मागे ठेवला. तुझ्या प्रबंधात असा परिच्छेद हवा, आणि तो परिशिष्टात नको. आलेखाला खेटून हवा.

डेंगीपुरती ती गृहीतकं मामाच सांगून ठेवतो. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घ संरक्षण मिळतं, बाकी तिघांना दार उघडंच राहतं. उलट दुसऱ्यांदा होणारा डेंगी कधी कधी जास्त घातक ठरतो. म्हणजे तुझा तिसरा कप्पा गळका आहे. दुसरं, डेंगीचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना लक्षणंच जाणवत नाहीत. ती माणसं तुझ्या तक्त्यात नाहीत, पण डास त्यांनाही चावतात. तिसरं म्हणजे तक्ता कसा तयार होतो ते. सरकारी मोजणीत धरला जातो तो एलायझा तपासणीने पक्का झालेला रुग्ण. गल्लीतल्या दवाखान्यात झटपट किटवर ‘पॉझिटिव्ह’ निघालेला धरला जात नाही. नमुना तालुक्यातून जिल्ह्याच्या केंद्रावर जातो, तिथे पुरेसे नमुने साठले की प्लेट लावतात, आणि अहवालावर पडते ती तपासणीची तारीख. ताप त्याच्या आठवडाभर आधी आलेला असतो. दिवाळीच्या आठवड्यात तुझा आलेख खाली जातो आणि पुढच्या आठवड्यात उसळी मारतो, तो डासांनी फराळासाठी सुटी घेतली म्हणून नव्हे! ताप सुरू झाल्याची तारीख मूळ केसपेपरवर असते. ती मागून घे. कंटाळवाणं काम आहे, पण तुझ्या ९७ पैकी किती टक्के विषाणूचे आणि किती कार्यालयीन वेळापत्रकाचे, ते त्यातूनच कळेल.

इतकं वाचून मॉडेलवरचा तुझा विश्वास उडाला असेल तर थांब. मॅकेन्ड्रिकला गणिताचं वेड लावलं रोनाल्ड रॉसने, १९०१ साली दोघे मलेरियाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेले तेव्हा. रॉस म्हणजे अल्मोड्याला जन्मलेला, २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिलेला आणि १९०२ चा नोबेल मिळवलेला माणूस. सूक्ष्मदर्शकाखाली एवढं दिसल्यावर त्याला समीकरणांची गरज का पडावी? कारण लोक त्याला म्हणत होते, डास काय, मारावे तेवढे थोडेच. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डास हटवण्याचा प्रयोग फसल्यावर तर टीकाकारांना जोरच चढला. रॉसने गणित मांडून उत्तर दिलं, की सगळे डास मारायची गरजच नाही. माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली की मलेरिया आपसूक विरत जातो. किती डास मारावेत याला शेवट आहे, हे मोजपट्टी घेऊन कुणाला दिसलं नसतं. समीकरणाला दिसलं.

पुढे जॉर्ज मॅकडोनाल्डने त्याच गणितात आणखी खोल पाहिलं. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात गेल्यावर तो चावण्यातून पसरण्याजोगा व्हायला दहाएक दिवस लागतात. तेवढं जगला तरच तो डास धोक्याचा. रोज शंभरातले नव्वद डास दुसऱ्या दिवसापर्यंत जगत असतील, तर दहा दिवसांनी उरतात पस्तीस. रोज ऐंशी जगत असतील तर उरतात अकरा. रोजच्या जगण्यात किरकोळ फरक, परिणामात तिपटीहून जास्त. म्हणून डबकी बुजवण्यापेक्षा भिंतीवर टेकणाऱ्या प्रौढ डासाचं आयुष्य कमी करणं जास्त फायद्याचं. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारण्याच्या मोहिमेला या गणिताने बळ दिलं.

आपल्याकडे त्याचं काय झालं? स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी मलेरियाचे रुग्ण आणि आठ लाख मृत्यू, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. खेळ संपला असं सगळ्यांना वाटलं. १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. डीडीटीला न जुमानणारे डास, वेळेवर न पोचणारं औषध, आटलेला पैसा, आणि ‘आता कुठे आहे मलेरिया’ म्हणून सैल झालेलं लक्ष. मॅकडोनाल्डच्या समीकरणात यांपैकी कशालाही अक्षर नव्हतं. समीकरण बरोबर होतं, पण त्याच्याबाहेरचं जग थांबून राहायला तयार नव्हतं.

मॉडेलचा आणखी एक सापळा सरासरीचा. गोवराचा एक रोगी, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना रोग देतो असं सगळी पुस्तकं सांगतात. त्यावरून हिशेब निघतो की ९२ ते ९५ टक्के मुलं सुरक्षित असली की साथ पेटत नाही. बरोबर, पण हे ९५ टक्के कुठले? जिल्ह्याचे असून भागत नाही, गल्लीचे असावे लागतात. लस न घेतलेली मुलं जिल्हाभर समान विखुरलेली नसतात, ती चार वस्त्यांत एकवटलेली असतात. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवर उसळला तो आधी गोवंडीत.

त्याहून बोलका दाखला जुलै २०२० मधला. मुंबईतल्या तीन विभागांत रक्ताची तपासणी झाली, जवळपास सात हजार नमुन्यांची. झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, इमारतींतल्या १६ टक्क्यांच्या. एकच शहर, एकच पालिका, तोच टाळेबंदीचा हुकूम, आणि दोन साथी. सार्वजनिक नळ आणि शौचालय कितीजणांत वाटून आहे, यावर संसर्गाचं गतिमान ठरत होतं. या शहराची एकच सरासरी काढली तर मिळणारा आकडा ना चाळीतला ना टॉवरमधला, कुणाचाच नसतो. टीआयएफआर आणि आयआयएससी या संशोधन संस्थांच्या मंडळींनी तेव्हा मुंबईचं जे मॉडेल केलं, त्यात म्हणूनच कप्पे नव्हते. संगणकात एकेक माणूस, त्याचं घर, त्याचं कामाचं ठिकाण, त्याचा लोकलचा प्रवास मांडलेला होता. तुला एवढं करायला वेळ नाही आणि गरजही नाही. पण तुझ्या शहराचे किमान दोन तुकडे कर. जिथे रोज पाणी येतं तो भाग वेगळा, आणि चार दिवसांनी येतं म्हणून लोक पिंप भरून ठेवतात तो वेगळा. डेंगीचा डास त्या पिंपातच वाढतो.

आणि भाकितं. करोनाच्या काळात मॉडेलवाल्यांची टीव्हीवर जितकी पूजा झाली तितकीच धुलाईही. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या चमूने सांगितलं, काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख माणसं मरतील. पुढे तितकी मेली नाहीत, म्हणून लोक हसले. पण वाक्य ‘काहीच केलं नाही तर’ असं सुरू झालं होतं, आणि देशोदेशी टाळेबंद्या लागल्या. उलटं उदाहरण आपलं. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये गणित मांडलं, की शिखर सरलं आहे आणि नियम पाळत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ अखेर साथ अगदी ओसरेल. फेब्रुवारीत ती ओसरल्यासारखी दिसलीही. मग महाराष्ट्रातल्या नमुन्यांत आधीच सापडलेला विषाणूचा नवा अवतार पसरला, आणि मे महिन्यात देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण निघू लागले. यातही ‘जर’ होता. पण तो कुणाच्या लक्षात राहिला नाही, कारण मथळ्यात ‘जर’ मावत नाही. दुसरं म्हणजे, ज्या विषाणूचा अजून जन्म व्हायचा किंवा बोलबाला व्हायचा आहे, त्याचं गतिमान मागच्या आकड्यांतून कुणी काढून देऊ शकत नाही. हे दोन दोष वेगळे आहेत आणि ते वेगळेच सांगावेत. पहिल्यात मॉडेलचं म्हणणं ऐकण्यात चूक झाली, दुसऱ्यात मॉडेलच्या आवाक्याबाहेरचं त्याला विचारलं गेलं.

तेव्हा तुझ्या प्रकल्पाचा शेवटचा भाग बदल. ‘ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात अमुक इतके रुग्ण’ हे वाक्य काढून टाक. ते खरं ठरलं तर योगायोग म्हणतील, चुकलं तर तुझं मॉडेल कपाटात जाईल. त्याऐवजी जे लोक हे काम करतात त्यांच्याबरोबर आधी चार दिवस हिंड. आरोग्य सेवक घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासतो, बॅटरीच्या उजेडात अळ्या पाहतो, भिंतीवर खडूने तारीख टाकतो, त्याच्या वहीत शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या तो आकडा असतो. तो रुग्णांच्या आकड्याच्या आधी हलतो की नाही, हे तुझ्या मॉडेलला विचार. आठवड्याचा पाऊसही एका रकान्यात घाल. आणि तुझ्या दोन तुकड्यांच्या शहरात, आठवड्याचा कोरडा दिवस (पाण्याची सगळी भांडी रिकामी करायचा दिवस) खरोखर पाळला गेला तर काय होईल, नुसती धूरफवारणी केली तर काय होईल, आणि दोन्ही दोन आठवडे उशिरा केलं तर काय होईल, हे तिन्ही चालवून पाहा. येणारा आकडा एकटा देऊ नकोस. खालचा आणि वरचा दोन्ही दे, आणि त्यांत इतकं अंतर कशामुळे पडलं तेही सांग.

सादरीकरणाला तालुका आरोग्य अधिकारी येतील. ते तुला आर-शून्य, म्हणजे एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, ते विचारणार नाहीत. ते विचारतील, ‘मॅडम, फवारणीची यंत्रं माझ्याकडे दोनच आहेत. सोमवारी कुठल्या वस्तीत पाठवू?’ त्या प्रश्नाला वस्तीचं नाव घेऊन उत्तर देता येईल एवढी तयारी कर. आणि यंत्रं गेल्यावर पंधरा दिवसांनी तिथे अळ्या मोजायला स्वतः जा. पायात बूट घाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. डेंगीचा डास, एडिस, दिवसा चावतो.

मामाचे आशीर्वाद.